न धुवायची बाटली

फोन वाजला तेव्हा मी लोणच्याच्या बरण्या धूत होते. फोन आमच्या ह्यांनी उचलला. हे फौजेत होते, फोनवर बोलायला लागले की पलीकडच्या गल्लीला ऐकू जातं. त्या दिवशी मात्र नुसतं "व्हय… व्हय…" आणि मग अगदी हळू, "कवा?" एवढंच ऐकलं आणि मला कळलं. मलकापूरहून रेखाचा फोन होता. रेखा म्हणजे माझ्या नणंदेची, शेवंतावन्संची मुलगी. वन्सं आठ दिवसांसाठी म्हणून तिच्याकडे गेल्या होत्या. दुपारचा चहा घेतला, भिंतीला टेकून बसल्या, आणि रेखा कप उचलायला आली तर… अर्धा चहा तसाच. हातातली बरणी मी पुरी धुतली, पालथी घातली, पदराला हात पुसले आणि मग खाली बसले. एवढी बातमी ऐकूनसुद्धा माझे हात काम संपवूनच थांबले. आज जे लिहायचं आहे ते वन्संबद्दल, आणि माझ्या ह्या हातांबद्दल.

माझं शिक्षण चौथी. पुढचं वाचन किराणा बांधून यायचा त्या कागदांवर झालं, त्यात वर्तमानपत्राच्या पुरवणीची पानं असायची, गोष्ट अर्धी तर अर्धी. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. वन्संना जाऊन दीड महिना झाला आणि ह्या दीड महिन्यात मी एका जागी धड बसलेली नाही. उठते, परसात जाते, कशाला आले ते विसरते, परत येते. ताट वाढून घेते आणि गार करते. हे म्हणतात, "आगं, बस की जरा. पायाला भिंगरी लागलीय का?" पायाला काही नाही हो लागलेलं. पोटात एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला बसता यायचं नाही.

वन्सं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. मी ह्या घरात आले तेव्हा त्या औंधाकडे नांदत होत्या, त्यामुळं कितीतरी वर्षं आमची भेट सणावाराचीच. त्यांचे मालक गेले, रेखाचं लग्न झालं, आणि मग त्या माहेरी आल्या त्या कायमच्याच. आमच्या मागच्या खोलीत त्यांनी आपली ट्रंक ठेवली, चूल मात्र एकच राहिली. औंधाकडचा तो कोरडा मुलूख. तिथं पाण्याच्या हंड्यापायी आयुष्य गेलेली बाई, आणि परत आली ती कृष्णेच्या काठावर. मला वाटलं होतं, नदी बघून हरखतील. पहिल्याच सकाळी त्या माझ्याबरोबर घाटावर आल्या आणि पायरीवर नुसत्या उभ्या राहिल्या. एकीकडे म्हशी डुंबतायत, एकीकडे कुणी पोराची दुपटी धुतंय, कुणाचं निर्माल्य पिशवीसकट तरंगतंय, आणि दोन पायऱ्या सोडून मी हंडा बुडवतेय.

"वैनी, तिकडं पाणी न्हवतं तवा आमी त्याला जपत हुतो," त्या म्हणाल्या. "इथं हाय, तर ह्यो खेळ मांडलाय व्हय?"

"आवं वन्सं, वाहत्या पाण्याला दोष नसतोय. वाहून जातंय की सगळं."

"वाहून कुठं जातंय?"

असं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून वन्सं पाणी उकळून प्यायला लागल्या आणि गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, की कृष्णाकाठची लेक आणि कृष्णामाईचं पाणी चालत नाही हिला.

मग पंचायतीनं पाणी तपासायचं शिकवायला म्हणून बचत गटातल्या बायकांना बोलावलं. सांगलीहून एक तरुण मॅडम आल्या होत्या. मी गेले नाही, त्या दिवशी शेतावर ऊस तोडायला माणसं होती, भाकरी माझ्याकडे. ज्या गेल्या त्या बऱ्याचशा चहा-पोह्यांसाठी. वन्सं मात्र पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या, आणि संध्याकाळी एक निळा डबा पोटाशी धरून घरी आल्या. त्यात बोटभर उंचीच्या छोट्या छोट्या बाटल्या. खुणेपर्यंत पाणी भरायचं, बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही, टोपण घट्ट बसवायचं आणि उबेला ठेवायचं. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर समजायचं, त्यात मैल्यातले जंतू आहेत. होतं तसंच राहिलं तर बरं. थंडीचे दिवस होते, म्हणून वन्सं बाटल्या आपल्या वाकळीत, जुन्या लुगड्यांच्या गोधडीत, गुंडाळून ठेवणार होत्या, कोंबडी अंड्यांवर बसते तशी वाकळ त्यांच्यावर. कट्ट्यावरच्या गड्यांना आयतंच सापडलं. "आत्या, आमच्यासाठी बी एक बाटली आना की." वन्सं चालता चालता म्हणाल्या, "तुजी बाटली कशाला तपासायची रं, तुज्या तोंडाच्या वासानंच कळतंय." तेव्हापासून गावात त्यांचं नाव बाटलीवाल्या आत्या. त्यांना ते आवडायचं, असं माझं मत आहे. 

आता जे सांगायचं ते. दुसऱ्या दिवशी वन्सं आष्ट्याला बाजाराला गेल्या होत्या. डबा त्यांच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलेला. मी झाडायला गेले, उघडून बघितला. बाटल्यांच्या तळाशी काहीतरी तपकिरी चिकटलेलं, चहाचा साका राहतो ना तसं. मनात म्हटलं, सरकारी माल, धुवायचीसुद्धा तसदी घेतली नाही कुणी. आणि अशा घाणेरड्या बाटल्यांत वन्सं पाणी भरणार, मग काळं नाही तर काय पांढरं होणार? मी पाणी तापवलं. एकेक टोपण काढलं, लिंबाच्या काडीला फडकं गुंडाळून एकेक बाटली आतून घासली, उन्हात पालथी घातली. सगळ्या. एकही सोडली नाही. वाळल्यावर त्या डब्यात खडखडू नयेत म्हणून माझ्या जुन्या हिरव्या इरकलीचा एक तुकडा फाडून तळाला घातला, वर बाटल्या लावल्या. वन्सं पिशव्या घेऊन घामाघूम होऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, "तुमचा डबा लख्ख करून ठिवलाय बगा." त्यांना वाटलं डबा पुसला. "बरं केलंसा," म्हणाल्या आणि मिरच्या निवडायला बसल्या. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता, बाटलीच्या तळाचं त्यांना कुठलं दिसायला… ते तपकिरी म्हणजेच औषध होतं. तपासणी त्यातच होती. ती मी मोरीत ओतली होती.

वन्संनी चार बाटल्या भरल्या. घाटावरची एक, जॅकवेलची एक, म्हणजे नदीतून गावाला पाणी उचलतात त्या विहिरीची, टाकीची एक आणि समोरच्या कमळच्या नळाची एक. दोन दिवस वाकळीत. तिसऱ्या दिवशी काढल्या तर चारही पाण्यासारख्या स्वच्छ. वन्सं कितीतरी वेळ एकेक बाटली उजेडाला धरून बघत राहिल्या. "माजंच चुकलं म्हनायचं, वैनी. उगंच नदीला नावं ठिवली." त्या दिवशी घाटावर जाऊन त्या ओंजळभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी हात जोडले. मी शेजारी उभी होते आणि मला, खरं सांगते, लय बरं वाटलं. ग्रामसभेत वन्संनी उभं राहून सांगितलं, पाणी चांगलं आहे. लोकांना तेवढंच हवं होतं. टाकीत टाकायच्या पांढऱ्या पावडरीचा वास येतो, चहा नासतो, अशी ओरड आधीपासूनच होती. पाणी चांगलं आहे तर पावडर कशाला एवढी, असं ठरलं आणि पाणी सोडणाऱ्यानं ती कमी केली.

पुढं काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. जुलाब-उलट्या आधी आमच्याच गल्लीत लागल्या. कमळची सून आशा, तिला सातवा महिना. तिला सांगलीला दवाखान्यात नेलं, दोन्ही हातांना सलाईन. कमळ आमच्या दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आत्या," म्हणाली, "तुमी सांगितलं म्हून पावडर कमी केली न्हवं? माज्या सुनंला काय झालं तर…" आणि तशीच माघारी गेली. वन्सं उंबऱ्यावर बसून राहिल्या. तोपर्यंत मलाही काही माहीत नव्हतं, देवाशपथ. 

मॅडम परत आल्या तेव्हा पंचायतीत सगळा गाव जमला होता. मी खांबाला धरून उभी. मॅडमनी निळा डबा टेबलावर ठेवून उघडला, एक बाटली उचलली, दुसरी उचलली, तिसरी, आणि हळूच विचारलं, "ह्या धुतल्या कुणी?" मग त्यांनी सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या आणि तळाशी राहिला तो हिरवा इरकली तुकडा. सगळ्या गावानं बघितला. इरकल काय, प्रत्येकीच्या घरात असते. पण तो तुकडा कुणाच्या पातळाचा हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. मी तोंड उघडलं असेल, नसेल… वन्संनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलाजवळ गेल्या, तो तुकडा उचलला, घडी घातली, कनवटीला खोचला आणि म्हणाल्या, "म्या धुतल्या. घान दिसली म्हून धुतल्या. अडाणी बाई, चुकलं माजं." कुणीतरी मागून म्हणालं, "म्हातारीच्या हातात कशाला द्यायचं आसलं." आणि मी गप्प राहिले. खांब धरून गप्प राहिले.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं, पाय धरायचे. वाटेत हे बरोबर, म्हणून बोलले नाही. घरी आलो तर वन्सं म्हणाल्या, "वैनी, ताक हाय का? घसा सुकलाय." मी ताक दिलं. त्या प्यायल्या, भांडं विसळून पालथं घातलं आणि कोंबड्या कोंडायला गेल्या. तो क्षण गेला तो गेलाच. मग मीच माझी समजूत घालायला लागले, की डोळ्यांना कमी दिसतंय, तुकडा ओळखला नसेल, त्यांना खरंच वाटत असेल की आपणच कधी धुतल्या. बघा, माणूस स्वतःला काय काय सांगतं. आशा बरी झाली. दिवस भरल्यावर मुलगी झाली, काडीसारखी. आता शाळेत सगळ्यांना चापट्या मारत फिरते. तिला बघितलं की दर वेळी मला आशाच्या हातांतली सलाईन आठवते.

लोकांना वाटलं, आत्या आता डबा परत करतील. त्यांनी आधी सांगलीला जाऊन डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, मग मॅडमकडून नव्या बाटल्या आणल्या आणि डबा स्वतःच्या खोलीतल्या वरच्या फळीवर ठेवला, पिठाच्या डब्यामागे. मी बुटकी, माझा हात तिथं पोचत नाही. आणि बाटल्या भरायचा दिवस आला की मला म्हणायच्या, "वैनी, वाईच लसूण सोला जावा." घरात सोललेला लसूण वाटीभर पडलेला असायचा. तरी मी गुपचूप उठून जायची. कितीतरी वर्षं मी असला लसूण सोललाय.

गावाचं म्हणणं होतं, घाण वरून येते. वरच्या गावांची, वरच्या शहराची. वन्संनी वाद घातला नाही. एक दिवस घाटाच्या वरपासून जॅकवेलपर्यंत काठाकाठानं चालत गेल्या, थोड्या थोड्या अंतरावर बाटली भरली, प्रत्येकीला दोरा बांधून गाठी मारल्या. पहिली एक गाठ, दुसरी दोन. पुढच्या ग्रामसभेत त्यांनी वाकळ बगलेत मारून आणली आणि टेबलावर उलगडली. सगळ्या बाटल्या काळ्या होत्या. लोक म्हणाले, बघा, वरूनच आली ना? वन्सं म्हणाल्या, "वरच्यांचं खरंच हाय. पर ही चार गाठींची बगा. भरली त्याच सांच्याला काळीठिक्कर. बाकीच्यांना दुसरा दिस लागला." चार गाठींची बाटली आमच्याच ओढ्याच्या तोंडाची होती. गावाची गटारं, संडासाच्या टाक्यांचं सांडलेलं, सगळं त्या ओढ्यानं येऊन जॅकवेलच्या अंगावरच पडतं. सरपंच जरा तापले. "आत्या, आदी वरच्या गावांना सांगा की. आमालाच कशाला?" तेव्हा वन्सं जे बोलल्या ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "आमी बी कुनाच्या तरी वरचंच हाय की, बाबा. खाली बी बाया हंडा घिऊन उभ्या हायत."

मला घाटावरचा तो पहिला दिवस आठवला. वाहून कुठं जातंय, ते मला तेव्हा कळलं. ओढ्याचं तोंड वळवायला पुढं दोन पावसाळे गेले, निम्म्या घरांनी शोषखड्डे काढले, निम्म्यांनी अजून काढलेले नाहीत. पावडर मात्र परत पुरेशी पडायला लागली, आणि वन्सं दर महिन्याला फळीवरून डबा काढत राहिल्या.

मलकापूरला जायच्या आधी परड्यात शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "माजी राख नदीत टाकू नगासा, वैनी. आदीच लय हाय तिच्यात." मी म्हटलं, "काहीतरीच बोलताय." तर हसल्या. त्याप्रमाणं आम्ही तिसऱ्या दिवशी रक्षा शेताच्या बांधावर, जांभळाचं रोप लावून त्याच्या मुळाशी घातली. काही जण कुरकुरले, घाट एवढा जवळ असताना म्हणून. मग रिवाजाप्रमाणं चारदोन माणसं बोलायला उभी राहिली. गावातले एक जाणते गृहस्थ वन्संचं कौतुक करत होते, ओढ्याचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं, आणि म्हणाले, "मधी एकदा बाईंच्या हातनं मोठी चूक झाली, लोकं आजारी पडली. पर मानूस म्हटल्यावर चुकायचंच…" माना हलल्या. कमळचीसुद्धा हलली. वाईट मनानं नाही म्हणाले ते. पण माझ्यानं बसवेना. मी उठले. सगळ्यांना वाटलं, वहिनीला बोलायचंय, जागा करून दिली. आणि मी काय केलं असेल? तांब्या उचलला आणि जांभळाला पाणी घालून परत बसले.

तेव्हापासून ही तगमग. गेल्या आठवड्यात रेखा आली होती, आईच्या वस्तू बघायला. म्हणाली, "मामी, त्यो निळा डबा पंचायतीला दिऊन टाकू का?" मी म्हटलं, राहू दे दोन दिवस. ती गेल्यावर स्टूल घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फळीला हात घातला. पिठाचा डबा सरकवला, निळा डबा खाली घेतला, त्यांच्या वाकळीवर ठेवून उघडला. आत मागच्या वेळच्या उरलेल्या बाटल्या, तळाशी ते तपकिरी औषध जसंच्या तसं. आणि बाटल्यांच्या खाली, धुऊन, घडी घालून, डब्याच्या मापात नीट बसवलेला माझ्या इरकलीचा तुकडा. विटून पोपटी झालाय. म्हणजे एवढी सगळी वर्षं, दर महिन्याला, बाटली उचलताना तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. नवा डोळा, लख्ख नजर. त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि मी तिकडं लसूण सोलत होते.

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. एकदा तरी बोलायचं होतं, वन्सं. एक शिवी घालायची होती. मग वाटलं, बोलायचं माझ्याकडे होतं, आणि त्या वाट बघत असतील… का नसतील, कुणास ठाऊक. आता कुणाला विचारू?

काल सकाळी मी डबा घेऊन जॅकवेलवर गेले. कट्ट्यावरून कुणी काही बोललं नाही. बाटलीच्या तोंडाला बोट न लावता खुणेपर्यंत पाणी भरलं, टोपण घट्ट बसवलं, घरी आणली. वाटेत बाटलीच्या बाहेरून चिखलाचा एक थेंब ओघळला होता, तेवढाच पदरानं पुसला. हिरव्या तुकड्यात गुंडाळून वन्संच्या वाकळीत ठेवली आहे. कमळला आज सकाळी गाठून सांगून आले, "बाटल्या वन्संनी न्हाई धुतल्या, म्या धुतल्या." ती पीठ मळत होती. बराच वेळ मळतच राहिली, मग म्हणाली, "आन् आत्या काय बोलल्या न्हाईत?" मी म्हटलं, "न्हाई." तिनं चहा मात्र दिला नाही, आणि तेही बरोबरच आहे.

येत्या ग्रामसभेत मी उभी राहणार आहे. बाटली काळी झाली तरी, नाही झाली तरी. पाण्याचं काय ते बाटली सांगेल, बाकीचं मी सांगेन. हे म्हणाले, "लोकं काय म्हनतील?" म्हणू देत.

हे सगळं वन्संच्या खोलीत बसून लिहितेय. शेजारी वाकळ आहे, अजून बघायची वेळ झालेली नाही. बाटलीच्या तळाशी ते तपकिरी आहे, हे माहीत असूनसुद्धा हात शिवशिवतात माझे, काढावी आणि एकदा विसळावी. म्हणून मघाशी वाटीभर लसूण घेऊन बसलेय. थोडं लिहिते, थोडा सोलते.